तोंड नाही, आतडं नाही, तरी माणसाएवढा वाढणारा कृमी

फेब्रुवारी १९७७ मध्ये गॅलापागोस बेटांजवळ ‘अल्विन’ ही तीन माणसांची पाणबुडी सुमारे अडीच किलोमीटर खोल उतरली. मोहीम भूशास्त्रज्ञांची होती. समुद्रतळाच्या भेगांतून गरम पाणी येतं का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. पाणी तर सापडलंच, पण त्याच्याभोवती मोठाले शिंपले, खेकडे आणि लाल तुऱ्याच्या पांढऱ्या नळ्या यांची दाटीवाटीने वस्ती होती. जहाजावर एकही जीवशास्त्रज्ञ नव्हता. फॉर्मॅलिनही जेमतेमच, त्यामुळे काही नमुने पनामात घेतलेल्या रशियन व्होडकात बुडवून आणावे लागले. तळातल्या पाण्याचे नमुने जहाजावर उघडले तेव्हा सडक्या अंड्यांचा वास सुटला. तो हायड्रोजन सल्फाइड या गंधकयुक्त वायूचा होता.

इतक्या खोल उजेड पोहोचत नाही. वरून जे काही मेलेलं, कुजलेलं झिरपत येतं त्यावर तळातल्या जिवांनी कसंबसं भागवायचं, अशी तोवरची समजूत होती. मग ही गर्दी जगते कशावर? त्यात ती नळी म्हणजे नळीकृमी, ‘रिफ्टिया पॅकिप्टिला’. दीड-दोन मीटर लांब, आणि तोंडही नाही, आतडंही नाही! शरीराचा बराचसा भाग एका स्पंजासारख्या ऊतीने भरलेला. १९८० मध्ये मेरेडिथ जोन्स हे प्राणिशास्त्रज्ञ हार्वर्डमध्ये या कृमीविषयी बोलत होते. त्या ऊतीत गंधकाचे स्फटिक दिसतात, असं त्यांनी सांगताच कॉलीन कॅव्हॅनॉ ही विद्यार्थिनी उठून उभी राहिली: यात गंधकावर जगणारे जिवाणूच असणार. सूक्ष्मदर्शकाखाली ते खरं निघालं आणि १९८१ मध्ये तिचा शोधनिबंध आला.

तिला हे सुचलं, कारण असे जिवाणू शास्त्राला नवे नव्हते. सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८८७ मध्येच ‘बेग्जियाटोआ’ या जिवाणूचे पांढरे तंतू अभ्यासले होते. सल्फाइडच्या पाण्यात ठेवले की पेशींत गंधकाचे कण साठतात आणि सल्फाइड मिळेनासं झालं की ते कण हळूहळू नाहीसे होतात, हे त्याने पाहिलं. म्हणजे हा जीव गंधक ‘जाळून’ ऊर्जा मिळवतो. झाडं कार्बन डायऑक्साइडपासून अन्न बनवायला सूर्यप्रकाश वापरतात, हे जिवाणू त्याच कामासाठी सल्फाइड आणि ऑक्सिजन यांच्या संयोगातून सुटणारी ऊर्जा वापरतात. यालाच रसायनसंश्लेषण म्हणतात.

अडचण अशी, की भेगेतून येणाऱ्या पाण्यात सल्फाइड असतं पण ऑक्सिजन नसतो. भोवतालच्या थंड पाण्यात ऑक्सिजन असतो पण सल्फाइड नसतं. दोन्ही पाणी मिसळलं की सल्फाइड आणि ऑक्सिजन आपसातच अभिक्रिया करून संपायला लागतात. त्यामुळे जिवाणूंना दोन्ही पाण्यांच्या सीमेवरच, तेही वेळेत, हात मारावा लागतो. भेगांवर खनिजं साचून उभ्या राहिलेल्या, काळा धूर ओकणाऱ्या चिमण्यांमधलं पाणी साडेतीनशे अंशांच्याही वर असतं, म्हणून हे जिवाणू उकळत्या पाण्यात राहतात असं लिहिलं जातं. ते बरोबर नाही. रिफ्टियाची वस्ती असते ती कोमट पाण्यात.

सीमेवरची ही कसरत कृमी आपल्या अंगावर घेतो. त्याच्या लाल तुऱ्यातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन आणि सल्फाइड दोन्ही एकाच वेळी वाहून नेतं, पण वेगवेगळ्या जागी बांधून. गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरलेल्या कामगारांचा जीव घेणारा वायू म्हणजे हाच हायड्रोजन सल्फाइड. पेशींची श्वसनयंत्रणाच तो बंद पाडतो. कृमीच्या रक्तात मात्र तो बांधलेला असल्यामुळे निरुपद्रवी राहतो आणि थेट जिवाणूंपर्यंत पोहोचतो. बदल्यात कृमीला अन्न मिळतं. हे जिवाणू त्याला जन्मतः मिळत नाहीत. अळी असताना ते समुद्रातून तिच्या त्वचेवाटे आत शिरतात.

अशा वस्त्यांचं ‘सूर्याशिवाय जगणारी सृष्टी’ हे नेहमीचं वर्णन मला अर्धंच पटतं. या जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन आला कुठून? वरच्या उजेडातल्या शैवालांनी आणि वनस्पतींनीच तो सोडलेला आहे.

आपल्या हिंदी महासागरातही अशी ठिकाणं आहेत. मध्य हिंदी महासागरी पर्वतरांगेवरच्या ‘कैरेई’ क्षेत्रात २००१ मध्ये एक गोगलगाय सापडली. तिच्या पायावरचे खवले लोहाच्या सल्फाइडने मढलेले असतात आणि अन्ननलिकेलगतच्या मोठ्या ग्रंथीत जिवाणू पाळलेले असतात. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यातल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राने चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या साथीने दक्षिण हिंदी महासागरात ४,५०० मीटर खोलीवरच्या धगधगत्या झऱ्याची छायाचित्रं टिपली. यामागे खनिजांचा शोधही आहे: आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी झालेल्या २०१६ च्या करारानुसार १०,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात सल्फाइड खनिजं धुंडाळायचा हक्क भारताकडे आहे. तांबं-जस्त असलेल्या त्या चिमण्या म्हणजेच या जिवांची घरं. ती गोगलगाय २०१९ मध्ये धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत गेली, तेही खाणकामाच्या भीतीने. जिथे झरा अजून वाहतो आहे तिथे यंत्र उतरवू नये, असं माझं मत.

खाण नसली तरी झरे मरतातच. गॅलापागोसजवळची ‘रोझ गार्डन’ ही वस्ती २००२ मध्ये पाहायला गेलेल्यांना ताज्या लाव्हाखाली गाडलेली दिसली. जवळच नव्या झऱ्यावर इवले नळीकृमी उगवले होते. त्यांना जिवाणू मिळण्याचा एक मार्ग प्रयोगात दिसला आहे: कृमी मेला की त्याच्या आतले जिवाणू सुटून पाण्यात जातात आणि पुढच्या अळीच्या त्वचेची वाट पाहतात.