लिंबू दात झिजवतं, मग दही का नाही झिजवत?

सध्या रील्सवर जो तो सकाळी उपाशीपोटी कोमट पाण्यात लिंबू पिळून पितोय, कुणी त्यातच ॲपल सायडर व्हिनेगर घालतोय, आणि खाली एखाद्याने दातांचं विचारलंच तर ठरलेलं उत्तर, अहो हे नॅचरल आहे, कोल्ड्रिंक थोडंच आहे! तर पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं ॲसिड जास्त. लिंबाच्या रसाचा पीएच असतो साधारण २ ते २.५, आणि कोलाचा २.५ च्या आसपास. पाण्यात पिळल्यावर आंबटपणा कमी होतो हे खरं, पण पीएचची पट्टी लॉगची आहे, म्हणजे एकाचा फरक दहापटीचा, आणि लिंबातलं सायट्रिक हे वीक ॲसिड, त्यामुळे दहापट पाणी घातलं तरी आकडा जेमतेम ०.५ ने वर सरकतो.

दाताचं बाहेरचं कवच म्हणजे इनॅमल, शाळेच्या पुस्तकातलं दंतवल्क. शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, वजनाने साधारण ९६ टक्के खनिज, दाढेच्या टोकांवर फार तर अडीच मिलिमीटर जाड आणि हिरडीजवळ एकदम पातळ. या खनिजाचं नाव हायड्रॉक्सीॲपेटाइट, म्हणजे कॅल्शियम, फॉस्फेट आणि हायड्रॉक्सिल या तिघांचा स्फटिक.

आता खरी मजा. हा स्फटिक भोवतीच्या पाण्यात सतत किंचित विरघळत असतो आणि त्याच वेळी पाण्यातलं कॅल्शियम-फॉस्फेट परत त्याच्यावर बसतही असतं. कोणती बाजू जिंकणार हे भोवतीच्या द्रवात हे तिघे किती आहेत त्यावर ठरतं. मिठाच्या संपृक्त पाण्यात आणखी एक खडा टाकला तर तो तसाच तळाशी बसून राहतो, तसंच हे. लाळेत कॅल्शियम-फॉस्फेट एवढं असतं की पीएच ७ च्या आसपास ती दाताच्या हिशेबाने संपृक्ततेच्याही पुढे गेलेली असते, आणि तरी ते सगळं दातांवर थापलं जात नाही कारण स्टॅथेरिनसारखी प्रोटीन्स त्याला धरून ठेवतात.

ॲसिड आलं की त्यातले हायड्रोजन आयन हायड्रॉक्सिलला पकडून पाणी करून टाकतात आणि फॉस्फेटला पकडून त्याचं आधी हायड्रोजन फॉस्फेट, मग डायहायड्रोजन फॉस्फेट करतात. म्हणजे एकूण फॉस्फेट तेवढंच राहतं, पण स्फटिकाला लागणारं तीन ऋण भारांचं फॉस्फेट नावापुरतं उरतं, मग द्रव उपाशी होतो आणि ती भूक दातातून भागवतो. ज्या पीएचच्या खाली दात विरघळू लागतो ती सीमा लाळेच्या बाबतीत ५.५ च्या आसपास येते. हा आकडा सगळे पाठ करतात आणि इथेच फसतात, कारण तो एकट्या दाताचा आकडा नाहीच, लाळेत जेवढं कॅल्शियम-फॉस्फेट आहे तेवढ्यापुरता तो खरा. द्रव बदलला की सीमा बदलते.

दह्याचा पीएच ४ ते ४.५. पाठ केलेल्या आकड्याप्रमाणे रोज दहीभात खाणाऱ्यांचे दात कधीच संपायला हवे होते. पण दुधातलं कॅल्शियम-फॉस्फेट केसीन या दुधातल्या प्रोटीनच्या कणांमध्ये बांधलेलं असतं, दही लागताना ॲसिडमुळे ते सुटून पाण्यात उतरतं, आणि एवढं उतरतं की त्या आंबट पाण्यातही दाताला विरघळायला जागा उरत नाही. लिंबात कॅल्शियम नावालाच, वर सायट्रेट जे काही कॅल्शियम मिळेल ते चिमट्यात धरतं, म्हणजे मार दोन्हीकडून. चिंच, कैरी, कोकम सरबत, चघळायच्या व्हिटॅमिन सीच्या गोळ्या, सगळे लिंबाच्याच पंगतीतले.

किती प्यायलं यापेक्षा किती वेळ पीत बसलात याला जास्त महत्त्व आहे. लाळ ॲसिड धुऊन टाकते, तिच्यातलं बायकार्बोनेट ते मारतं, पण तिला वेळ लागतो. रॉबर्ट स्टेफन या अमेरिकन संशोधकाने १९४० च्या दशकात साखरेच्या पाण्याने चूळ भरल्यानंतर दातांवरच्या बॅक्टेरियांच्या चिकट थराचा पीएच मोजला, तो काही मिनिटांत ५ च्या आसपास घसरतो आणि वर यायला अर्धा-पाऊण तास तरी घेतो. तिथे ॲसिड बॅक्टेरिया बनवतात, म्हणजे किडीचा मामला, झीज वेगळी, पण पुन्हापुन्हा मारा करण्याचा तोटा दोन्हीकडे. ऑफिसात तासातासाला गोड चहा, किंवा बाटलीत लिंबूपाणी भरून दिवसभर एकेक घोट, म्हणजे पीएच वर येतोय तोवर पुन्हा खाली. झोपेत तर लाळ जवळजवळ थांबते, म्हणून रात्रीचं गोड-आंबट सगळ्यात वाईट.

आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश करणं हाही तसलाच उद्योग, कारण वरचा काही मायक्रॉनचा थर तेव्हा मऊ झालेला असतो. राखुंडी, मिश्री तर कडक थरालाही खरवडतात, आणि मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. हल्लीची काळीभोर चारकोल पेस्ट म्हणजे मला तरी नव्या पॅकिंगमधली राखुंडीच वाटते. त्यात गंमत अशी की इनॅमल अर्धपारदर्शक असतं आणि त्याखालचं डेंटिन पिवळसर, म्हणजे पांढरे व्हावेत म्हणून जितकं घासाल तितके पुढे दात पिवळे दिसणार. आणि पेस्टच्या ट्यूबच्या टोकावरचा हिरवा-काळा चौकोन बघून आयुर्वेदिक की केमिकल ते ओळखणाऱ्यांनो, तो पॅकिंग मशीनच्या सेन्सरला ट्यूब कुठे कापायची ते कळावं म्हणून असतो, बाकी काही नाही.

'इनॅमल रिपेअर' लिहिलेल्या पेस्ट मऊ झालेला थर पुन्हा कडक व्हायला मदत करू शकतात, पण गेलेली जाडी परत येत नाही. इनॅमल बनवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंत संपलेल्या असतात, त्यामुळे हाडासारखं ते नव्याने भरत नाही. लिंबूपाणी सोडवत नसेल तर जेवणाबरोबर, एका दमात प्या, वर साध्या पाण्याची चूळ भरा आणि ब्रश त्याच्या आधीच उरकून घ्या.

फ्लोराइडचा उपयोग खरा आहे, ते स्फटिकात हायड्रॉक्सिलची जागा घेतं आणि विरघळण्याची सीमा पीएच ४.५ च्या आसपास उतरते. पण ते पेस्टमधून दातावर लागलेलं चांगलं, प्रमाणाबाहेर पोटात गेलेलं नाही. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच ते जास्त आहे, आपल्याकडची पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर १.५. तिथे मुलांचे दात हिरडीखाली बनत असतानाच बिघडतात, आणि ते पांढरे-तपकिरी डाग कुठल्याही पेस्टने घासून जात नाहीत.