सात नव्या पैशांत किती पाने? मराठी दैनिकांच्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

'दर्पण', 'केसरी' आणि राजद्रोहाचे खटले सगळ्यांना शाळेपासून ठाऊक आहेत. १८७८ आणि १९१० च्या कायद्यांनी छापखान्यांकडून जामीन मागायला सुरुवात केली, तेव्हाच पत्राचा गळा पैशाच्या बाजूनेही आवळता येतो हे सरकारला उमगले होते. मात्र आजच्या दैनिकाचे रूप ज्यावरून ठरले, तो वाद स्वातंत्र्यानंतरचा आहे, आणि त्याची आठवण फारच थोड्यांना आहे.

मोठ्या भांडवलाची पत्रे कमी किमतीत जास्त पाने देऊन लहान पत्रांना बाजारातून उठवतात, अशी तक्रार होती. वृत्तपत्रांविषयीच्या चौकशी आयोगाने १९५४ मध्ये किंमत आणि पाने यांची सांगड घालण्याची शिफारस केली. त्यावरून १९५६ चा कायदा आला आणि १९६० मध्ये प्रत्यक्ष आदेश निघाला.

पुण्याचे एक दैनिक त्याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. पाच दिवस सहा पाने, एक दिवस चार, अशी रविवार सोडून आठवड्याला ३४ पाने ते रोज सात नव्या पैशांत (नवा पैसा म्हणजे रुपयाचा शंभरावा भाग) देत होते. नव्या हिशेबाने त्या किमतीत आठवड्याला २४ पानेच बसत. ३४ पाने कायम ठेवायची तर किंमत आठ नवे पैसे करणे भाग होते. एका नव्या पैशाने काय बिघडते, असे आज वाटेल. पण किंमत वाढली की खप घटतो आणि पाने कापली की मजकूर घटतो. २५ सप्टेंबर १९६१ ला न्यायालयाने नेमके हेच मान्य केले. खप हा अभिव्यक्तीचाच भाग आहे, आणि लहान पत्रांचे भले करण्यासाठीही दुसऱ्याच्या अभिव्यक्तीला कात्री लावता येणार नाही, असे सांगून कायद्याची ती तरतूद आणि आदेश दोन्ही रद्द केले.

घटनेच्या दृष्टीने निकाल बिनतोड होता. पण मोठे मासे लहान माशांना गिळतील ही भीती काही खोटी नव्हती. आदेशाला विरोध करणारे पत्र स्वतः बडे भांडवलदार नव्हते, म्हणून ती बाजू झाकली गेली, इतकेच.

१९७२ मध्ये कागदटंचाईच्या नावाखाली आलेली दहा पानांची मर्यादाही न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने उडवली. पुढे ऑफसेट छपाई आली, जिल्हा आवृत्त्या निघाल्या, आणि नव्वदीच्या दशकात इंग्रजी दैनिकांनी दरयुद्ध पेटवले. छपाईच्या खर्चाहून कमी किमतीत अंक विकायचा आणि तूट जाहिरातींतून भरून काढायची, हा रिवाज मराठीतही मुरला. तालुक्याच्या गावची कित्येक पत्रे त्यानंतर दिवाळी अंक आणि सरकारी जाहिरातींपुरती उरली.

एप्रिल २०२० मध्ये घरपोच वाटपावर काही दिवस बंदी आली, तेव्हा अंकांच्या पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फुकट फिरू लागल्या. किंमत आणि पाने यांचे गणित मांडायला त्यात जागाच नव्हती.