‘कन्सेंट घेतली का?’ : पार्श्वभूमी

सकाळच्या राउंडला हा प्रश्न हमखास येतो आणि उत्तर बहुधा ‘हो, सही आहे’ असं असतं. संमती खरं तर रुग्णाने द्यायची. आपल्या वॉर्डांत ती डॉक्टर ‘घेतात’; तीही अनेकदा बाहेर बाकावर बसलेल्या नवऱ्याची किंवा मुलाची. होणाऱ्या डॉक्टरांना नैतिक निर्णय घ्यायला शिकवायचं कसं, या वादाचं मूळ बरंचसं या एका क्रियापदात आहे.

१८६० च्या दंडसंहितेने सद्हेतूने आणि संमतीने केलेल्या उपचाराला संरक्षण दिलं. तेव्हापासून संमतीकडे डॉक्टरची ढाल म्हणून पाहायची सवय लागली. वैद्यकीय नीतीही पिढ्यानपिढ्या न्यायवैद्यकाच्या, म्हणजे कोर्टाच्या कामी येणाऱ्या वैद्यकाच्या, पुस्तकात विषबाधा आणि जखमांच्या शेजारचं एक प्रकरण म्हणून शिकवली गेली. विद्यार्थी त्यातून मुख्यतः कोर्टकचेरी टाळायला शिकला.

डॉक्टरांच्या वागणुकीसाठीच्या २००२ च्या व्यवसाय-नियमांनी हीच सवय पक्की केली. शस्त्रक्रियेआधी लेखी संमती कोणाची, याची त्यांतली यादी पाहण्यासारखी आहे: पती किंवा पत्नी, अल्पवयीन मुलाचे आईवडील वा पालक, आणि शेवटी ‘किंवा स्वतः रुग्ण’. वंध्यत्व येऊ शकेल अशा शस्त्रक्रियेला तर नवराबायको दोघांची संमती हवी. याउलट १९७१ च्या गर्भपात कायद्याला सज्ञान स्त्रीची एकटीची संमती पुरते. तरी नवऱ्याची सही मागणारी रुग्णालयं आजही आहेत.

मग २००८ चा निकाल आला. दिल्लीतली ४४ वर्षांची अविवाहित स्त्री १९९५ मध्ये रक्तस्रावाच्या तक्रारीने तपासणीला गेली. दुर्बिणीच्या तपासणीसाठी तिला भूल दिली होती. ती बेशुद्ध असतानाच बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजांडकोश काढले गेले. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, तपासणीची संमती ही शस्त्रक्रियेची संमती नव्हे, आणि जिवावरचा प्रसंग नसताना आईची सही चालणार नाही. भरपाई मात्र २५,००० रुपये, शिवाय डॉक्टरला फी नाही. एवढ्या मोठ्या तत्त्वाची ही किंमत मला आजही खटकते.

खरा गुंता याच निकालातल्या शब्दांचा. अमेरिकेत १९५७ पासून रूढ होत गेलेली कल्पना अशी, की रुग्णाच्या निर्णयावर परिणाम करील ती सगळी माहिती त्याला द्यायची. आपल्या न्यायालयाने ती जशीच्या तशी न घेता ‘खरी संमती’ ही इंग्लंडच्या वळणाची कल्पना स्वीकारली: उपचाराचं स्वरूप, फायदे, पर्याय, मोठे धोके आणि नकाराचे परिणाम सांगा, दूरचे, क्वचितचे धोके सांगितलेच पाहिजेत असं नाही. कारण दिलं ते इथल्या रुग्णांच्या परिस्थितीचं. मराठीत आपण दोन्हींना सरसकट ‘माहितीपूर्ण संमती’ म्हणतो, त्यामुळे किती सांगायचं हा मधला वाद शिकवताना निसटून जातो. गरीब माणसाला कमी सांगितलं तरी चालतं, असा सोयीचा अर्थ काढणारे वरिष्ठही भेटतात.

एमबीबीएसच्या २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमाने वृत्ती, नीती आणि संवाद यांचे २७ पाठ आणले. पहिल्या वर्षी डॉक्टर असणं म्हणजे काय, मग रुग्ण असणं म्हणजे काय, आणि शवविच्छेदनाच्या टेबलावरचा देह हा पहिला गुरू. खऱ्या प्रसंगांवर गटात बोलायचं, नंतर स्वतःबद्दल लिहायचं. पद्धत चांगली आहे. पण दुपारी वर्गात शिकलेलं रात्रीच्या ड्यूटीवर ‘आधी सही घे रे’ या एका वाक्यात पुसलं जातं.

बाहेर आवाज झाला तो भलत्याच गोष्टीचा. २०२२ मध्ये पारंपरिक पाश्चात्त्य शपथेऐवजी चरक शपथेची शिफारस झाली. मदुराईच्या वैद्यकीय महाविद्यालयात ती घेतली गेल्यावर तिथल्या अधिष्ठात्यांना पदावरून दूर केलं गेलं आणि काही दिवसांत परत आणलं गेलं. शपथ कोणाची यावर रकानेच्या रकाने आले, २७ पाठांवर जवळपास काही नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये नवे व्यवसाय-नियम आले. जेनेरिक औषधंच लिहून देण्याच्या सक्तीवरून गदारोळ झाला आणि त्याच महिन्यात ते स्थगित झाले. पुन्हा २००२ चे नियम लागू झाले, आणि त्यांच्याबरोबर ‘किंवा स्वतः रुग्ण’ने संपणारी ती यादीही.