पहिलं घर म्हाडाच्या सोडतीतून: ठाण्यातल्या नवरा-बायकोनं आधी कोणते कागद जमवावेत

कळव्यात आमच्या फॉर्म भरायच्या केंद्रावर लग्नाला वर्ष-दीड वर्ष झालेली जोडपी येतात, तेव्हा मुदतीचे तीन-चार दिवस उरलेले असतात. घोडबंदर रोडचे दर ऐकून हबकलेली, दर अकरा महिन्यांनी भाड्याचा करार नव्यानं करणारी ही मुलं. अनामतीचे पैसे जमवून आणतात आणि अर्ज अडतो एका दाखल्यापायी. मला ते बघवत नाही.

ठाणे जिल्ह्यातली घरं म्हाडाच्या कोकण मंडळाकडे येतात. 2025 च्या सोडतीत मंडळानं 5,285 घरं काढली होती. त्यातली 565 घरं 20 टक्के योजनेतली, म्हणजे खासगी बिल्डरच्या मोठ्या प्रकल्पात राखून ठेवलेली. नवी मुंबईत सिडकोची सोडत वेगळी असते आणि तिचे नियमही वेगळे.

म्हाडाची नोंदणी मात्र वर्षभर चालू असते. जाहिरातीची वाट बघू नका. अधिकृत संकेतस्थळावर किंवा ॲपवर आधार, पॅन आणि मोबाइल टाकून आजच नोंदणी करा. कागदांची तपासणी आता सोडतीच्या आधीच होते, त्यामुळे अपुरे कागद असले की तुमचं नाव सोडतीत येतच नाही.

सगळ्यात जास्त वेळ जातो अधिवास दाखल्यात. तो आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून काढायचा. राज्यातलं 15 वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं, म्हणून शाळा सोडल्याचा दाखला, रेशन कार्ड, जुनी वीजबिलं शोधून ठेवा. बारकोड असलेलाच दाखला लागतो. घरात जपून ठेवलेला जुना, हातानं लिहिलेला दाखला चालत नाही.

दुसरी अडचण नावाची. गेल्या वर्षी एक मुलगी आली होती. आधारवर सासरचं आडनाव, पॅनवर माहेरचं, बँकेत फक्त आईनं ठेवलेलं नाव. तिन्हींचा मेळ बसेना. विवाह नोंदणी प्रमाणपत्र काढून पॅन दुरुस्त होईपर्यंत मुदत उलटली होती. जोडीदाराचं आधार आणि पॅनही द्यावं लागतं, म्हणून अर्ज कोणाच्याही नावानं करा, कागद दोघांचे तपासा.

उत्पन्नही दोघांचं मिळून धरतात. सासू-सासऱ्यांची पेन्शन त्यात येत नाही. मुंबई महानगर प्रदेशात वर्षाला 6 लाखांपर्यंत अत्यल्प, 9 लाखांपर्यंत अल्प आणि 12 लाखांपर्यंत मध्यम गट. दोघांना महिना प्रत्येकी 35 हजार असतील तर वर्षाचे 8 लाख 40 हजार, म्हणजे अल्प गट. दोघांचाही पगार 40 हजारांवर गेला की 9 लाख 60 हजार, गट मध्यम. पुरावा म्हणून प्राप्तिकर विवरणपत्र किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. राखीव प्रवर्गातून भरत असाल तर जातीच्या दाखल्यासोबत वैधता प्रमाणपत्रही हवं.

घराच्या अटीत फार जण फसतात. ज्या महापालिका हद्दीत घर मागताय, तिथे तुमच्या, जोडीदाराच्या किंवा अज्ञान (18 वर्षांखालच्या) मुलांच्या नावावर घर नको. वडिलांचा ठाण्यातला फ्लॅट आड येत नाही. पण वडिलांनी प्रेमानं त्यावर मुलाचंही नाव लावलं असेल तर येतो. गावाकडचं घर म्हाडाला चालतं, पण प्रधानमंत्री आवास योजनेला चालत नाही. तिथे देशात कुठेही पक्कं घर नको. त्या योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात उत्पन्न 9 लाखांपर्यंत, घर 35 लाखांपर्यंत आणि कर्ज 25 लाखांपर्यंत असेल तर व्याजात जास्तीत जास्त 1 लाख 80 हजारांची सवलत पाच वार्षिक हप्त्यांत मिळते.

आता पैशांचं. समजा, 45 लाखांचं घर लागलं. 30 ते 75 लाखांच्या कर्जात बँक किमतीच्या 80 टक्क्यांच्या वर देत नाही, म्हणजे 36 लाख. उरलेले 9 लाख तुमचे. शिवाय ठाण्यात मुद्रांक शुल्क 7 टक्के, म्हणजे 3 लाख 15 हजार, आणि नोंदणीचे 30 हजार. हा खर्च कर्जात धरत नाहीत. घर फक्त बायकोच्या नावावर घेतलं तर शुल्क 6 टक्के, 45 हजार वाचतात. दोघांची नावं लावली की ही सवलत जाते. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांच्या कर्जाचा महिन्याचा हप्ता साधारण 31 हजार 200 येईल. एवढा जमेल का, हे दोघांनी अर्जाआधी बसून ठरवा. घर लागल्यावर पैसे भरायची मुदत थोडी असते, तेव्हा धावाधाव करून नऊ लाख उभे राहत नाहीत.

म्हाडानं कुणीही दलाल नेमलेला नाही. 'वरून काम करून देतो' म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. अनामत ऑनलाइनच भरा आणि बँक खातं अर्जदाराच्या स्वतःच्या नावाचं द्या, कारण घर लागलं नाही तर पैसे त्याच खात्यात परत येतात.