धर्मावर बोललं की भांडणच होतं?

'धर्मावर बोलणं हे महाराज, मौलवी, फादर यांचं काम. आपण तोंड उघडलं की भांडण', हे सोलापुरात पेठापेठांतून ऐकू येतं. हा गैरसमज आहे, आणि मला तो मनापासून खटकतो.

भांडणं जाणकारांचीही होतात. अकबराने 1575 मध्ये फतेहपूर सिक्रीत धर्मचर्चेसाठी इबादतखाना उभारला, तिथे विद्वानांचेच वाद विकोपाला गेले. कारण प्रश्नच 'खरं कोणाचं?' असा होता. वेगवेगळ्या धर्मांच्या सामान्य माणसांच्या बैठकीत तो प्रश्न ठेवायचाच नाही. 'तुमच्या घरी उपास कसा सोडतात?', 'आजीने शिकवलेली प्रार्थना कोणती?' असं विचारायचं. त्याला ज्याचं-त्याचं उत्तर असतं आणि ते खोडता येत नाही.

मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्ये मांडलं, की नुसत्या भेटीने पूर्वग्रह जात नाहीत. बरोबरीचं स्थान, समान उद्दिष्ट, एकत्र काम आणि वडीलधाऱ्यांचा किंवा संस्थेचा पाठिंबा लागतो. म्हणूनच सणाला एकदा शिरखुर्मा किंवा तिळगूळ देऊन भागत नाही (तो गोडवा हवाच). आठ-दहा जण, तीच माणसं, महिन्यातून एकदा, आणि हातात काहीतरी काम: नळाच्या पाण्याचा प्रश्न, पोरांची अभ्यासिका. इथे मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू या चारही भाषा घरांत बोलल्या जातात. ज्याला ज्या भाषेत सुचेल त्यात बोलू द्यावं, शेजाऱ्याने अर्थ सांगावा.

12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी गेलेले सोलापूरचे चार हुतात्मे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा स्वातंत्र्याच्या एका ध्येयासाठी एकत्र आले होते, धर्मपंडित म्हणून नव्हे.