न पाहिलेल्या चाली: बुद्धिबळ इंजिनांमधल्या छाटणीची पार्श्वभूमी

2025 च्या नोव्हेंबरात गोव्यात बुद्धिबळाचा विश्वचषक झाला आणि इंजिनाची, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमची, कोण वरचढ ते दाखवणारी ती उभी पांढरी-काळी पट्टी इथे बुद्धिबळ न खेळणाऱ्यांच्याही ओळखीची झाली. आता शालेय स्पर्धेत डाव संपवून मुलगा बाहेर आला की व्हरांड्यातच मोबाईलवर डाव मांडला जातो आणि निकाल लागतो: "बाविसाव्या चालीला तू जिंकत होतास रे. डेप्थ 30 ला दाखवतंय!" मुलगा बिचारा गप्प.

या तीसचा अर्थ बहुतेक जण असा घेतात की दोन्ही बाजूंच्या मिळून पुढच्या तीस चालींत जे जे होऊ शकतं ते सगळं इंजिनानं तपासलं. एकदा हिशेब करून बघा. प्रत्येक स्थितीत सरासरी 35 चाली धरल्या आणि आल्फा-बीटा ही छाटणीची मूळ युक्ती अगदी आदर्श चालली असं मानलं, तरी पाहायच्या स्थितींची संख्या 35 च्या पंधराव्या घाताच्या दुप्पट होते. सेकंदाला 10 कोटी स्थिती पाहणारं यंत्र लावलं तर त्याला नऊ कोटी वर्षं लागतील. मोबाईल तेच काम कपातला चहा निवायच्या आत उरकतो. तेव्हा बऱ्याचशा चाली त्यानं पाहिलेल्याच नसतात, हे उघड आहे. कुठल्या पाहायच्या नाहीत हे ठरवायची रीत कशी घडत गेली, त्याची ही थोडी पार्श्वभूमी.

आल्फा-बीटावर इथे फार लिहायला नको. ती निर्धोक छाटणी आहे. प्रतिस्पर्ध्याचं एक खणखणीत उत्तर सापडलं की आपली ती चाल बाद, त्याची उरलेली उत्तरं तपासायची गरज नाही. चार पायऱ्यांच्या (एक पायरी म्हणजे एका बाजूची एक चाल) शोधात 15,00,625 शेवटच्या स्थितींऐवजी 2,449 वर भागतं आणि उत्तर तेच येतं. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ही युक्ती वेगवेगळ्या देशांत स्वतंत्रपणे सुचली. तिचं नीट गणित मात्र 1975 साली मांडलं गेलं. अट एवढीच की चांगली चाल आधी तपासायला हवी. क्रम उलटा लागला तर फायदा शून्य. हॅश टेबल (आधी तपासलेल्या स्थितींची नोंदवही), किलर मूव्ह (शेजारच्या फांदीत भारी ठरलेली चाल), मारामारीच्या चाली आधी घेणं, डेप्थ एकेक पायरीनं वाढवत नेणं, ही सगळी खटपट मुख्यतः तो क्रम सुधारण्यासाठी.

भांडण आहे ते दुसऱ्या छाटणीवरून. तिथे चाल न तपासता, निव्वळ अंदाजानं बाजूला टाकली जाते.

1950 साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात एका अमेरिकन गणितज्ञानं दोन मार्ग सांगितले होते. 'अ' प्रकार म्हणजे ठरावीक खोलीपर्यंत सगळ्या चाली. 'ब' प्रकार म्हणजे माणसासारख्या निवडक चाली, पण खोलवर. त्याचा स्वतःचा कल 'ब' कडे होता आणि बुद्धिबळ खेळणाऱ्या कुणाचाही तसाच असतो. 1957 च्या सुमारास आयबीएम 704 या संगणकावर चालणारा एक प्रोग्रॅम प्रत्येक स्थितीत सातच चाली निवडायचा आणि चार पायऱ्या जायचा. म्हणजे 2,401 स्थिती, एका चालीला आठेक मिनिटं. वजीर देऊन मात करणारी चाल यादीत आठवी आली, तर तिचा विचारच व्हायचा नाही. 1966-67 साली अमेरिका आणि सोव्हिएत संघातल्या प्रोग्रॅमांचा तारेनं सामना झाला. अमेरिकन प्रोग्रॅम निवड करणारा, सोव्हिएत प्रोग्रॅम सगळं चाळणारा. निकाल सोव्हिएत बाजूनं 3-1.

1973 साली तेव्हाच्या सर्वांत नावाजलेल्या अमेरिकन प्रोग्रॅमनं, 'चेस 4.0' नं, निवड सोडून दिली. कारण अगदी व्यवहारी होतं. निवडीचे नियम लिहिण्यात आणि त्यांतल्या चुका हुडकण्यात जाणारा वेळ वाचला, आणि खेळही बिघडला नाही. पुढची पंधराएक वर्षं मग 'सगळं बघा' याच पंथाची.

त्या पंथाला बळ देणारा एक डाव सांगण्यासारखा आहे. 1977, टोरांटो. दोन प्रोग्रॅमांचा डाव: 'डचेस' पांढऱ्या बाजूनं, 'काइसा' काळ्या. चौतिसाव्या चालीला पांढऱ्या वजिरानं ए8 या घरात येऊन शह दिला. काळा राजा जी8 वर. तो सहज जी7 वर सरकू शकत होता. 'काइसा'नं त्याऐवजी हत्ती ई8 वर मध्ये घातला, म्हणजे फुकटात दिला. सभागृहात एक माजी जगज्जेता बसला होता. त्यालाही वाटलं, प्रोग्रॅम बिघडला. डावानंतर 'काइसा'ला राजा जी7 वर न्यायला लावलं, तेव्हा उलगडा झाला. वजीर एफ8 वर शह देतो, राजाला तो मारावाच लागतो, उंट एच6 वर येऊन शह देतो आणि पुढे मात कुणालाच टाळता येत नाही. माणसांच्या निवडक नजरेनं जी चाल पाहायच्या आधीच टाकली होती, ती सगळं चाळणाऱ्यानं पाहिली होती.

1980 च्या आसपास 'बेल' हे खास बनवलेलं यंत्र सेकंदाला 1,60,000 स्थिती पाहू लागलं आणि 1983 मध्ये त्याला मास्टर दर्जा मिळाला. आता फक्त वेग वाढवायचा, असं वातावरण होतं. 1997 साली 'डीप ब्लू'नं 480 चिपा आणि सेकंदाला सुमारे 20 कोटी स्थिती या बळावर जगज्जेत्याला साडेतीन-अडीच असं हरवलं. 'दांडग्या ताकदीचा विजय' हे वर्तमानपत्री वाक्य तेव्हापासून चिकटलंय ते आजतागायत. माझ्या मते त्या वाक्यानं मधल्या दहा वर्षांवर अन्याय केला, कारण आपल्या खिशातलं इंजिन 'डीप ब्लू'च्या वंशातलं नाहीच.

ते ज्या शाखेचं, तिथली कळीची गोष्ट म्हणजे नल मूव्ह. 1989 ते 1993 या काळात ती संशोधनलेखांतून पुढे आली आणि बघता बघता घरगुती संगणकांवरच्या प्रोग्रॅमांनी उचलली. कल्पना अशी: माझी पाळी आहे, पण मी चालच केली नाही, पाळी तशीच सोडली, तर काय होईल? प्रतिस्पर्ध्याला लागोपाठ दोन चाली मिळूनही मी वरचढच राहत असेन, तर खरी चाल केल्यावर आणखीच वरचढ असणार. मग ही फांदी खोलवर तपासण्यात अर्थ नाही. तपासणीही नेहमीपेक्षा दोन-तीन पायऱ्या कमी खोल करायची, म्हणजे ती स्वस्तात होते. बचत अफाट. त्याच पेंटियमवर, त्याच वेळेत, इंजिन एकाएकी दोन पायऱ्या जास्त खोल जाऊ लागलं.

पण पाळी सोडणं बुद्धिबळाच्या नियमात बसत नाही, आणि कधीकधी चाल करावी लागणं हीच शिक्षा असते. खेळाडू त्याला झुगझ्वांग म्हणतात. पट मांडा: पांढरा राजा एफ5 वर, पांढरं प्यादं ई4 वर; काळा राजा डी4 वर, काळं प्यादं ई5 वर. बाकी पट मोकळा. दोन्ही राजे एकाच वेळी आपलं प्यादं राखतात आणि समोरचं धरतात. ज्याची पाळी, त्याला राजा हलवावाच लागतो, प्यादं जातं आणि डावही जातो. इथे पांढऱ्याची पाळी असताना नल मूव्ह लावली तर काय होतं? पांढरा पाळी सोडतो, काळ्याला हलावं लागतं, काळा हरतो. इंजिनाचा निष्कर्ष: पांढरा जिंकतो. वस्तुस्थिती: पांढरा हरलेला आहे. अंदाज थोडा चुकला असं नाही, निकालच उलटा लागला.

विरोधकांचा आक्षेप हाच होता, आणि तो पोकळ नव्हता. 1970 च्या दशकात निवडीचे चटके खाल्लेल्यांना ही जुनीच चूक नव्या कपड्यात आलेली दिसली. 'डीप ब्लू'च्या मंडळींनी नल मूव्ह वापरलीच नाही. सक्तीच्या चाली दिसतील तिथे शोध उलट लांबवत नेला. दुसऱ्या बाजूनं डागडुजी केली. शह असताना पाळी सोडायची नाही, दोनदा ओळीनं सोडायची नाही, आणि पाळी असलेल्याकडे राजा नि प्यादीच उरली असतील तर हा प्रयोगच बंद. पुढे शंका आल्यास कमी खोलीचा खरा शोध घेऊन पडताळणी करायची पद्धतही आली. तरी फट पूर्ण बुजली नाही. हत्ती-उंट शिल्लक असतानाही झुगझ्वांग येतो, क्वचित.

या 'क्वचित'वरच सगळा सौदा झाला. शंभरातले नव्याण्णव डाव दोन पायऱ्या जास्त खोल दिसणार असतील, तर एखाद्या एंडगेममध्ये तोंडावर पडणं परवडतं. 1995 साली हाँगकाँगच्या जागतिक संगणक स्पर्धेत साध्या पेंटियमवरच्या 'फ्रिट्झ'नं 'डीप ब्लू'च्या आधीच्या आवृत्तीला हरवलं. तो एकच डाव होता, आणि त्यावरून नल मूव्हचं काही सिद्ध होत नाही. पण घरगुती प्रोग्रॅमांच्या चाहत्यांनी तो झेंड्यासारखा मिरवला. आम्हीही त्यातलेच. तेव्हा फ्रिट्झला रात्रभर एका स्थितीवर बसवून ठेवायचं, आणि पहाटे वीज गेली की सगळं मुसळ केरात.

नल मूव्ह पचल्यावर पुढचं सोपं गेलं. 2005 मध्ये 'फ्रूट' या इंजिनाचा कोड खुला उपलब्ध झाला आणि त्यातून एक रीत सर्वदूर पोचली: यादीतल्या पहिल्या काही चाली पूर्ण खोल बघायच्या, नंतरच्या उथळ. उथळ पाहताना एखादी अनपेक्षितपणे चांगली निघाली तरच ती पुन्हा नीट पाहायची. चाल कायमची हद्दपार होत नाही, पण तिच्या वाट्याला वेळ कमी येतो. एका चालीमागे 35 फांद्या, आल्फा-बीटानं त्या सहाच्या आसपास आणलेल्या. या रीतींनी त्या जेमतेम दोनवर आल्या. तीस वेळा दुप्पट केलं तर 107 कोटी होतात. हा आकडा आजच्या यंत्रांच्या आवाक्यातला आहे.

त्याची किंमत डेप्थच्या आकड्यानं मोजली. आज तीस म्हणजे मुख्य ओळ तीस पायऱ्या (कधी जास्तही), आणि बाजूच्या असंख्य ओळी दहा-बारा पायऱ्यांतच सोडलेल्या. कुठली ओळ किती कापायची हे आवृत्तीगणिक बदलतं. 2013 पासून 'स्टॉकफिश' या इंजिनामधला असा प्रत्येक बदल स्वयंसेवकांच्या संगणकांवर हजारो डाव खेळवून पारखतात. सिद्धांत कितीही देखणा असो, डावांत टिकला तरच आत. त्यामुळे कोडमध्ये असेही आकडे आहेत ज्यांचं समर्थन 'याने जास्त डाव जिंकले' यापलीकडे कुणी देत नाही. म्हणून जुन्या आवृत्तीचा 25 आणि नव्याचा 25 यांची तुलना करण्यात हशील नाही.

2017 च्या डिसेंबरात 'आल्फाझिरो' या नव्या प्रोग्रॅमनं आणखी पेच वाढवला. सेकंदाला फक्त 80 हजार स्थिती, समोर 7 कोटी पाहणारं 'स्टॉकफिश'; शंभर डावांत 28 विजय, 72 बरोबरी, हार एकही नाही. चालीला ठरावीक एकच मिनिट, आणि 'स्टॉकफिश'च्या हॅश टेबलला दिलेली तुटपुंजी जागा, यावरून रास्त कुरकुर झाली. पण 'ब' प्रकार उजळ माथ्यानं परतला होता, निवड न्यूरल नेटवर्ककडे, म्हणजे डावांतून स्वतः शिकणाऱ्या गणिती जाळ्याकडे, देऊन. 2020 मध्ये 'स्टॉकफिश'नंही स्थितीचं मूल्य ठरवायला छोटं नेटवर्क घेतलं; छाटणी मात्र जुन्या घराण्याचीच ठेवली, नल मूव्हसकट. 'आल्फाझिरो'च्या वाटेनं जाणारं 'लीला' हे इंजिन जेव्हा डेप्थ 14 दाखवतं आणि शेजारी 'स्टॉकफिश' 40, तेव्हा दोघांची मोजपट्टीच वेगळी असते. चौदावालं मागे आहे असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.