हरिण गोळीच्या धक्क्याने पडत नाही

विस्कॉन्सिनमध्ये राहणाऱ्या माझ्या भाच्याने मध्यंतरी एक प्रश्न पाठवला. त्याच्या ऑफिसातली बरीच मंडळी नोव्हेंबरात सुट्टी टाकून हरणांच्या शिकारीला जातात. तिथला रायफलीचा हंगाम नऊ दिवसांचा असतो आणि यंदा हाही परवाना काढणार आहे. रायफल कोणती घ्यावी, यावर जितकी तोंडं तितके सल्ले. त्यातल्या एकाने ठासून सांगितलं, ".३०८ वगैरे ठीक आहे, पण थोडी मोठ्या बोअरची, म्हणजे रुंद नळीची घे. .३५ व्हेलनची गोळी लागली की हरिण धक्क्यानेच जागच्या जागी आडवं होतं." भाच्याने विचारलं होतं, "मामा, हे खरं का?"

आधी एक सांगून टाकतो. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि ती तशीच बंद राहावी या मताचा मी आहे. अमेरिकेतली परिस्थिती वेगळी आहे. हरणांना खाणारे लांडगे आणि कूगर (डोंगरी सिंह) तिथल्या बहुतेक राज्यांतून माणसाने कधीच संपवले. पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या आज तीन कोटींच्या आसपास असावी असा अंदाज आहे, आणि शिकारीचे परवाने हा ती आटोक्यात ठेवण्याचा सरकारी मार्ग आहे. मला इथे फक्त त्या 'धक्क्या'बद्दल बोलायचं आहे, कारण तो शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या विरुद्ध आहे.

.३०८ विंचेस्टर हे १९५२ साली बाजारात आलेलं काडतूस. त्यातली नेहमीची गोळी १५० ग्रेनची, म्हणजे ९.७ ग्रॅमची. नळीतून ती सेकंदाला सुमारे ८६० मीटर वेगाने बाहेर पडते. वस्तुमान गुणिले वेग केलं की संवेग येतो ८.३ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. समोर ७० किलोचा नर आहे आणि गोळी त्याच्या अंगातच थांबली असं धरू. न्यूटनच्या हिशेबाने त्या हरणाला वेग मिळेल ८.३ भागिले ७०, म्हणजे सेकंदाला १२ सेंटिमीटर. एवढ्याने चार पायांवर उभा असलेला प्राणी नीट डगमगणारसुद्धा नाही. शिवाय बार काढताना रायफलीला मागे मिळणारा संवेग तितकाच असतो. उलट जळलेल्या दारूचा वायूही नळीतून सुसाट बाहेर पडत असल्यामुळे रायफलीच्या वाट्याला थोडा जास्तच येतो. गोळीच्या धक्क्याने हरिण उलटत असतं, तर बार काढणारा शिकारी त्याच्या आधी पाठीवर पडला असता. चित्रपटात बंदुकीचा बार लागलेला खलनायक काच फोडून दहा फूट मागे उडतो ते दोराच्या जोरावर. आणि 'नॉकडाऊन पॉवर' या नावाखाली काडतुसांच्या जाहिरातींत जे विकलं जातं, त्यासाठी भौतिकशास्त्रात कोणतीही राशी नाही.

मग हरिण पडतं कशाने? हृदय किंवा फुप्फुसं फाटली की रक्तदाब कोसळतो आणि मेंदूला प्राणवायू मिळेनासा होतो. तरीही मेंदूत दहा-पंधरा सेकंदांचा साठा शिल्लक असतो. हृदयात गोळी बसलेलं हरिणही तेवढ्या वेळात साठ-सत्तर मीटर पळून जाऊ शकतं. जागच्या जागी कोसळायचं तर मेंदू, मणका किंवा खांद्याची हाडं यांनाच इजा व्हावी लागते. म्हणजे गोळी किती जाड यापेक्षा ती कुठून गेली आणि जाताना तिने काय केलं हे महत्त्वाचं. या 'जाताना काय केलं' मध्येच सगळी गंमत आहे.

मांसात पाण्याचं प्रमाण इतकं असतं की रायफलीच्या गोळीच्या दृष्टीने ते पाणीच. पाण्यात वेगाने घुसणाऱ्या वस्तूच्या नाकावर जो दाब येतो तो म्हणजे निम्मी घनता गुणिले वेगाचा वर्ग. पाण्याची घनता १००० किलोग्रॅम प्रति घनमीटर आणि वेग ८६० घेतला की उत्तर येतं सुमारे ३७० मेगापास्कल, वातावरणाच्या दाबाच्या तब्बल ३७०० पट. हवेतून जाताना त्याच नाकावर जेमतेम आठ-नऊ वातावरणांचा दाब होता. शिशाची दाब सोसण्याची मर्यादा किती? शुद्ध शिसं १०-२० मेगापास्कललाच वाकायला लागतं. त्यामुळे हरणाच्या कातडीआड गेल्याक्षणी शिशाचं नाक घन पदार्थासारखं वागणं सोडून देतं आणि जवळजवळ द्रवासारखं मागे वाहू लागतं. त्यावर तांब्याच्या मिश्रधातूचं पातळ कवच असतं. टोकाशी ते उघडं किंवा नाजूक ठेवलेलं असतं, बुडाकडे जाड होत जातं. परिणामी गोळी पुढून फुलते, मागून शाबूत राहते आणि काढून पाहिली तर पावसाळ्यात उगवणाऱ्या अळंबीसारखी दिसते. हे सगळं घडतं एका मिलिसेकंदाच्या आत, कारण हरणाची छाती पार करायला गोळीला त्याहून जास्त वेळ लागतच नाही.

या 'नरम नाकाच्या' गोळीचा एक पूर्वज आपल्या देशातला. कोलकात्याजवळच्या दमदमच्या शस्त्रागारात १८९०च्या दशकात ब्रिटिशांनी तशी गोळी बनवली आणि 'दमदम' हे नाव जगभर गेलं. १८९९च्या हेग परिषदेने युद्धात फुलणाऱ्या गोळ्यांवर बंदी घातली. हरणांच्या बाबतीत कायदा बरोबर उलटा आहे. कोलोरॅडोत हरणासाठी फुलणारीच गोळी लागते, कारण न फुलणारी गोळी बारीक भोक पाडून पलीकडे जाते आणि जनावर तासन्‌तास तडफडत फिरतं.

आता थोडं गणित. ज्यांना नको असेल त्यांनी पुढचा परिच्छेद गाळला तरी चालेल, पण मला तो गाळवत नाही.

पाण्यासारख्या माध्यमात गोळीला होणारा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. अशा वेळी वेग अंतराबरोबर घातांकी रीतीने घटतो; म्हणजे प्रत्येक ठरावीक अंतराला वेग निम्मा. ते अंतर गोळीचं वस्तुमान भागिले तिच्या समोरच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असतं आणि आकाराच्या गुणांकाच्या व्यस्त प्रमाणात. ७.८ मिलिमीटर व्यासाच्या आपल्या .३०८ गोळीसाठी टोकदार असताना गुणांक ०.३ धरला, तर वेग निम्मा व्हायला सुमारे ९४ सेंटिमीटर मांस लागतं. तीच गोळी १५ मिलिमीटरपर्यंत फुलली की क्षेत्रफळ पावणेचार पट होतं, बोथट झाल्यामुळे गुणांक ०.८च्या आसपास जातो आणि ते अंतर उतरतं साडेनऊ सेंटिमीटरवर. दहा पटींचा फरक! हरणाची छाती समजा ३५ सेंटिमीटर. न फुललेली गोळी तिच्यातून निम्म्याहून जास्त ऊर्जा घेऊन तशीच पलीकडच्या झाडीत निघून जाईल. फुललेली गोळी जवळजवळ सगळी ऊर्जा आतच टाकेल. गोळीने बाजूला ढकललेलं मांस काही मिलिसेकंद एक मोठी पोकळी करतं आणि परत मिटतं. फुप्फुसं लवचीक, ती हे बऱ्यापैकी सोसतात. यकृत सोसत नाही, फाटतं. गोळी प्रत्यक्ष जिथून गेली ती कायमची जखम मात्र मिटत नाही, आणि रक्त मुख्यतः तिथूनच जातं.

आता बोअरकडे येऊ. अमेरिकन शिकारी 'मध्यम बोअर' म्हणतात ते साधारण .३३ ते .३७५ इंच, म्हणजे साडेआठ ते साडेनऊ मिलिमीटरच्या नळीला. .३५ व्हेलन त्यातलंच. .३०-०६ या जुन्या काडतुसाच्या पितळी खोळीचं तोंड रुंद करून ते बनलं. गोळी ९.१ मिलिमीटरची, वजन बहुधा २०० ग्रेन, म्हणजे १३ ग्रॅम. तिची ऊर्जा सुमारे ४३०० जूल; .३०८ ची ३६०० जूल आणि १९५५ साली आलेल्या .२४३ विंचेस्टरच्या १०० ग्रेनच्या गोळीची २६०० जूल. कागदावर व्हेलन जिंकली. पण वर जे वस्तुमान भागिले क्षेत्रफळ आलं, ते काढून पाहा. व्हेलनच्या २०० ग्रेनसाठी आणि .३०८च्या १५० ग्रेनसाठी ते जवळजवळ सारखंच येतं, दोन्हीकडे चौरस मिलिमीटरला ०.२ ग्रॅम. बिचाऱ्या .२४३चं तर दोघांहून किंचित जास्त! फुलण्याचं प्रमाण सारखं असेल, तर तिन्ही गोळ्या मांसात जवळपास सारख्याच खोल जातील. जाड गोळीला जास्त खोल जायचं तर ती २५० ग्रेनची करावी लागते, आणि मग बिल येतं खांद्यावर.

ते बिलही मोजता येतं. रायफल ३.४ किलोची धरली आणि वायूचा वाटा हिशेबात घेतला, तर मागे येणाऱ्या रायफलीची ऊर्जा .२४३ला सुमारे १३ जूल, .३०८ला २२ आणि व्हेलनला ३४ जूल भरते. नवशिक्याच्या बाबतीत हा आकडा बाकी सगळ्या आकड्यांपेक्षा मोठा ठरतो. दोन-चार बार खांद्याला लागले की शरीर शिकतं: चाप ओढायच्या क्षणी डोळे मिटतात, खांदा आधीच पुढे झुकतो आणि गोळी छातीऐवजी पोटात जाते.

आणि प्रत्यक्षातला अनुभव? साउथ कॅरोलायनाच्या वन्यजीव खात्यातल्या चार्ल्स रूथ यांनी एका शिकार-क्लबमध्ये मारलेल्या ४९३ हरणांची नोंद तपासली. .२४३ पासून .३० पर्यंत बोअरचे गट पाडले, तर हरिण किती पळालं यात गटागटांत म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. खांद्यात बसलेल्या गोळीने मात्र हरणं बहुतेक वेळा तिथेच कोसळली. लवकर फुलणाऱ्या नरम गोळ्यांचं काम टणक गोळ्यांपेक्षा सरस ठरलं. ७० किलोचं हरिण हे गोळीच्या दृष्टीने पातळ प्रकरण आहे. मूस किंवा एल्क या अवाढव्य हरणांसाठी बनवलेली जाड कवचाची गोळी त्याच्यात फुलायच्या आत पलीकडे निघून जाते. मूससाठी ती हवीच. जॉन नोस्लर या अमेरिकन शिकाऱ्याला १९४६ साली कॅनडात मूसवर फुटून जाणाऱ्या गोळ्यांचा अनुभव आला, आणि त्यातून मध्ये भिंत असलेली 'पार्टिशन' गोळी निघाली. पुढचा कप्पा फुलतो, मागचा तसाच राहतो. हरणावर असा खर्च करायची सहसा गरज पडत नाही.

अंतराचं थोडक्यात. गोळी नळीतून निघाल्या क्षणापासून पडायलाच लागते; .३०८ची गोळी २०० मीटरवर पाव सेकंदात पोचते तोवर तीस-पस्तीस सेंटिमीटर खाली आलेली असते, आणि रायफलीवरची दुर्बीण तेवढी भरपाई करून लावलेली असते. दाट झाडीत शंभर मीटरच्या आत हा प्रश्न जवळपास उरतच नाही. तिथे १८९५चं .३०-३० काडतूस अजूनही छान चालतं. अंतर वाढलं की वेग घटतो, आणि दाब वेगाच्या वर्गावर असल्यामुळे तो झपाट्याने उतरतो. ५५० मीटर प्रति सेकंदाला नाकावरचा दाब १५० मेगापास्कलवर आलेला असतो. बऱ्याच नेहमीच्या गोळ्या याच्या खाली भरवशाने फुलत नाहीत. ओहायो किंवा मिशिगनच्या सपाट, वस्तीच्या भागांत गोळी फार लांब जाऊ नये म्हणून रायफलीत सरळ खोळीची, म्हणजे तोंडाशी एकदम अरुंद न होणारी काडतुसंच चालत. त्यासाठी २०१९ साली .३५० लेजंड आलं. बोअर मध्यम, पण सुरुवातीचाच वेग सेकंदाला ७०० मीटरच्या आसपास. दीडशे मीटरवर ते त्या उंबरठ्याला टेकतं, म्हणून त्याच्या गोळ्या मुद्दाम जास्त नरम बनवतात.

भाच्याला मी .३०८ आणि १५० ग्रेनची साधी नरम नाकाची गोळी सुचवली, खांदा फारच कुरकुरला तर .२४३. उरलेल्या पैशांची सरावाची काडतुसं. त्याने लगेच उलटा प्रश्न टाकला: "शिशाचं काय?"

प्रश्न योग्य आहे. फुलताना शिशाचे बारीक कण तुटून मांसात पसरतात, क्ष-किरणांत ते चांदण्यांसारखे विखुरलेले दिसतात. रानात टाकलेली आतडी खाऊन कॅलिफोर्नियातली काँडोर गिधाडं शिशाच्या विषबाधेने मरत होती. तिथे २०१९पासून शिकारीत शिशाची गोळी पूर्ण बंद आहे, डेन्मार्कने २०२४मध्ये तेच केलं. पर्याय म्हणजे अखंड तांब्याची गोळी. ती तुटत नाही, पण तांबं शिशापेक्षा कितीतरी कडक, म्हणून नाकात पोकळी ठेवून पाकळ्या उलगडाव्या लागतात आणि वेगही राखावा लागतो. दुसरी अडचण घनतेची: घन सेंटिमीटरला शिसं ११.३ ग्रॅम, तांबं ८.९. त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते, आणि लांब गोळी हवेत डगमगू नये म्हणून तिला जास्त जोरात फिरवावं लागतं. नळीच्या आत गोळीला फिरवणाऱ्या पिळदार खाचा असतात; दहा इंचात त्यांचा एक वेढा असलेल्या नळीतून .३०८ची गोळी आधीच मिनिटाला दोन लाख फेरे घेत निघते. जुन्या, संथ वेढ्याच्या नळीतून लांब तांब्याची गोळी नीट उडेलच असं नाही. सोपा उपाय म्हणजे गोळी हलकी करणं. हलकी गोळी आखूड राहते आणि वेगही जास्त घेते. स्कॉटलंडमध्ये मोठ्या हरणांसाठी १०० ग्रेनहून हलकी गोळी अनेक वर्षं बेकायदा होती. २०२३ साली त्यांनी ही मर्यादा ८० ग्रेनवर आणली, ती मुख्यतः तांब्यासाठीच.